‘अ‍ॅम्बिशन’चा रकाना

(पुण्यातल्या एका वाचक मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? येत नसेल तर पुढे या, पहिल्या दोन रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्याच आहेत. पुण्यात पहिल्या रांगेत बसायला वेगळं आमंत्रण लागतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

ओळख करून देताना मला ‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हटलं गेलं. तसं काही नाही. आयुष्यभर गणित शिकवलं, तेही आठवी ते दहावी, त्यामुळे तज्ज्ञ म्हणवून घ्यायची हिंमत होत नाही. विषय मात्र पत्रिकेवर भारदस्त छापलाय: ‘कॉन्व्हेंटमधून बाहेर पडणाऱ्या मुलींच्या आकांक्षा: 1985 ते 2025’. 40 वर्षं, आणि वेळ दिलाय 40 मिनिटं. वर्षाला एक मिनिट. हे गणित मी नाही घातलेलं.

तिसऱ्या रांगेत माझ्या वर्गातल्या चौघी बसल्यात. त्या मधेमधे ‘खोटं बोलतेय’ म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका.

ही वही बघा. ऑटोग्राफ बुक. गुलाबी, पिवळी, पोपटी पानं. आता सगळीच चहात बुडवल्यासारखी दिसतात. छापील प्रश्नांचं स्लॅम बुक नंतर आलं. आम्ही पट्टीने रकाने आखायचो: नाव, टोपणनाव, वाढदिवस, आवडता हीरो आणि शेवटी ‘अ‍ॅम्बिशन’. मार्च 1985, दहावीचा बोर्डाचा पेपर तोंडावर, आणि आम्ही भूमितीच्या तासाला बाकाखालून ही वही फिरवतोय. सगळ्यांच्या दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, वर बांधलेल्या. केसांवरून त्या शाळेत जेवढं बोलणं खाल्लंय तेवढं मार्कांवरून नाही.

हो, आणि सगळं इंग्रजीत. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दहा पैसे दंड. डब्यात टाकायचे. मला एका महिन्यात दीड रुपया दंड झाला होता, आणि त्यातले वीस पैसे तर ‘आई गं’ म्हटल्याचे आहेत. जिन्यावरून पडले होते! पडल्यावर माणूस इंग्रजीत कसा ओरडणार? हे मी 40 वर्षं सगळ्यांना विचारतेय. असो. पुढे जाऊ.

रकान्यात काय लिहिलंय? निम्म्याहून जास्त पानांवर ‘डॉक्टर’. मग टीचर, एअर होस्टेस. पण काही पानांवर आदल्या वर्षाचं वर्तमानपत्र जसंच्या तसं उतरलंय. 84च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात जाऊन आले, म्हणून दोघी अंतराळवीर. मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या, म्हणून एक गिर्यारोहक. हिने तोवर सिंहगडसुद्धा गाडीने बघितला होता. ऑगस्टमध्ये पी. टी. उषाचं लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकलं, आणि आमच्या वर्गातली सगळ्यात हळू पळणारी मुलगी लिहिते, ‘अ‍ॅथलीट’. ती आली आहे आज. उशिरा आली.

आता माझी लाडकी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी कुठलंच भाषण संपवत नाही, त्यामुळे आधीच उरकते.

आमच्याकडे एक तास असा असायचा की वर्ग दुभंगायचा. कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला जायच्या, बाकीच्या आम्ही मॉरल सायन्सला. दहावीच्या जानेवारीत मात्र सगळ्यांना एकत्र हॉलमध्ये बसवलं. बाहेरगावहून एक सिस्टर आल्या होत्या ‘व्होकेशन’वर बोलायला. म्हणजे जोगीण, नन व्हायची हाक देवाकडून कशी येते, ती ओळखायची कशी. भाषण अर्थात कॅथलिक मुलींसाठी होतं. त्या शांत होत्या, त्यांनी ते दरवर्षी ऐकलेलं. माझ्या शेजारी नगरकडची एक मैत्रीण बसायची, तिच्या घरचे चर्चमध्ये मराठी मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला जाणारे. ती माझ्या कानात म्हणाली, ‘आमच्याकडे याला पाचारण म्हणतात.’ काय शब्द आहे! (दहा पैसे, तिलाही.)

परिणाम काय झाला, तर कॅथलिक मुलींपैकी एकीलाही त्या दिवशी हाक आली नाही, आणि सदाशिव-नारायण पेठेतल्या आम्ही सहाजणी जोगिणी व्हायला निघालो. एक खोली, खिडकी, पुस्तकं, स्वयंपाक नाही, लग्न नाही, पाहुणे नाहीत. सोळाव्या वर्षी याहून चांगलं स्थळ कुणी सांगितलं नव्हतं.

मी घरी गेले. आजी ओट्याशी वाटाणे सोलत होती. मी दप्तर न काढता गंभीरपणे म्हटलं, ‘आजी, मला बोलावणं आलंय.’

आजीच्या हातातली शेंग खाली पडली. ‘शुभ बोल गं मेले! बोलावणं मला यायचंय, तुला कुठून येतंय?’

मग तिने दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या चुलीत टाकायला चूल नव्हती, गॅसवर टाकल्या, बर्नर चोंदला, संध्याकाळी वडिलांनी सुईने भोकं साफ केली आणि मला विचारलं, नक्की काय झालं. मी सांगितलं. ते म्हणाले, ‘आधी एक आठवडा पहाटे साडेचारला उठून दाखव.’ मी दोन दिवस उठले. तिसऱ्या दिवशी पाचारण संपलं.

हसलात ना? मीही हसते. पण गणिताची शिक्षिका म्हणून मला त्यातलं एक पद मागाहून सापडलं. त्या सहा पानांवर ‘अ‍ॅम्बिशन’च्या रकान्यात जोगीण कुणीच लिहिलं नाही. सगळ्यांनी लिहिलं, डॉक्टर. जे हवं होतं, ती खोली, तो दरवाजा, तो मोकळा वेळ, त्याला त्या रकान्यात जागाच नव्हती.

आता हे पान. वही भूमितीच्या तासाला पकडली गेली. आमच्या गणिताच्या सिस्टर उंच, काटकुळ्या, पांढरी साडी, चालताना पाय असे टाकायच्या की आम्ही त्यांना ‘कंपास’ म्हणायचो. वही जप्त. आम्हाला वाटलं, गेली मुख्याध्यापिकांकडे. सोमवारी परत मिळाली, आणि त्यात एक पान जास्तीचं भरलेलं. नाव, वाढदिवस. टोपणनाव: ‘कंपास’. म्हणजे त्यांना माहीत होतं! आवडता हीरो: नुसती आडवी रेघ. आणि अ‍ॅम्बिशन, अक्षर बघा, फळ्यावर असायचं तसंच: ‘टू राइड अ बायसिकल’.

तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचं गाव. दूधवाला, प्राध्यापक, नऊवारीतल्या आजीबाई, सगळे सायकलवर. आणि या बाई रोज स्टाफरूमच्या खिडकीतून आमचा सायकल स्टँड बघत होत्या. आम्ही काय केलं? हसलो. वही वर्गभर फिरली. एकीने फक्त विचारलं, ‘सिस्टर, शिकवू का?’ शनिवारी शाळा सुटल्यावर मागच्या मैदानात तिची लेडीज सायकल काढली, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी असायची ती. सिस्टरांनी पदर खोचला, निऱ्यांना सेफ्टी पिन लावली. दोघी मागे कॅरिअर धरून पळत होत्या. सिस्टर एकदाही ओरडल्या नाहीत, फक्त दर वळणाला मोठ्याने मोजत होत्या. वन, टू, थ्री. दोन शनिवार झाले, मग आमची परीक्षेची सुट्टी लागली. जूनमध्ये दाखला आणायला गेलो तर त्यांची बदली झालेली. पुढे शिकल्या की नाही, वर्गातल्या कुणालाच ठाऊक नाही.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ अहो, मुद्दा तर अजून... बरं. भरभर सांगते.

मुद्दा असा. मुलीची आकांक्षा मुलीच्या पोटातून येते, असं आपण बक्षीस समारंभात बोलतो. मला तसं वाटत नाही. तिला पाचारण लागतं. कुठूनतरी तिच्या नावाने हाक यावी लागते, आणि हाक येते ती दार उघडं असेल तिथूनच. आमच्या वहीत इंजिनिअर एकच आहे. का? राज्यात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली 1983 साली, वसंतदादा पाटलांच्या काळात. ती हाक आमच्या कानापर्यंत पोचायची होती. 1991 साली पुण्यात खास मुलींसाठी कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, आणि त्यानंतर माझ्याच वर्गात मुली सर्रास इंजिनिअर लिहायला लागल्या. मुली तेवढ्यात हुशार झाल्या नव्हत्या. मी शिकवत होते, मला माहितीये.

आता शेवटचं पान. इथे ‘आर्मी’ लिहून खोडलंय, आणि वर बारीक अक्षरात ‘आर्मी डॉक्टर’. खोडलं तिनेच, कुणी सांगितलं नाही. तिला हिशोब माहीत होता. 85 साली मुलीला सैन्यात डॉक्टर, दातांची डॉक्टर किंवा नर्स म्हणून जाता यायचं. त्यासाठी एएफएमसी, सैन्याचं मेडिकल कॉलेज, पुण्यातच, वानवडीला. पण तिला हवी होती खडकवासला. एनडीए, सैन्याचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, घरापासून सायकलच्या अंतरावर, रविवारी कॅडेट लक्ष्मी रोडवर दिसायचे, आणि अर्ज करायची सोय नाही. इतर शाखांत बायका अधिकारी म्हणून यायला लागल्या 1992पासून. तोवर हिला मुलगा झाला होता. एनडीएची परीक्षा मुलींना देता आली ती 2021 साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. 2022ला पहिल्या मुली आत गेल्या, आणि 2025च्या मे महिन्यात त्यातल्या 17 जणी तिथल्या खेत्रपाल मैदानावरून पास आउट झाल्या. 40 वर्षं म्हणा...

दुसरी चिठ्ठी. वाचत नाही, कळलं.

तर ही मैत्रीण बँकेत लागली, बँकेतूनच निवृत्त झाली, मार्कांनी डॉक्टरकी हुकली. तीन नंबरच्या रांगेत बसलीये, आता मान खाली घालेल. त्या मे महिन्यात सकाळी तिचा फोन आला. परेड मोबाइलवर बघत होती, मागे कुकरची शिट्टी. मला वाटलं रडतेय. तर म्हणाली, ‘बघितलंस का?’ मी म्हटलं, बघतेय. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अगं, पण टोपीत एवढे केस बसवतात कसे? आपल्याला तर दोन वेण्या धड बांधता येत नव्हत्या.’