पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

(दृश्य : पहाट. द्रुतगती मार्गावर मालट्रकांची रांग. मागे दोन खासगी प्रवासी बस.)

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूर टोलनाक्याच्या अलीकडे लागलेल्या या रांगेतल्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये कागदपत्रांची एक फाइल असते. तिच्यात नोंदणी प्रमाणपत्र, विमा, परमिट, पीयूसी आणि गाडीचे फिटनेस सर्टिफिकेट असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हे सर्टिफिकेट गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. गाडी चालवणाऱ्याच्या प्रकृतीची तपासणी मात्र कायद्याने होते ती लायसन्स काढताना, आणि नंतर पाच वर्षांतून एकदा, त्याचे नूतनीकरण करताना. म्हणजे दहा वर्षे जुन्या ट्रकचे ब्रेक पाच वेळा तपासून होतात, तेव्हा कुठे त्या ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या माणसाची पाळी एकदा येते.

(दृश्य : वाहन तपासणी केंद्र. पुढची चाके रोलरवर चढतात.)

गाडीची तपासणी नीट पाहावी अशी आहे. चाके रोलरवर आली की मोटारीने रोलर फिरू लागतात, चालक ब्रेक दाबतो आणि डाव्या व उजव्या चाकाचा ब्रेक किती जोराने लागला, दोहोंत फरक किती, हे यंत्र वेगवेगळे मोजते. पुढे हेडलाइटचा झोत सरळ पडतो की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर, याचे मोजमाप होते. निकाल आकड्यांत येतो आणि त्यावर कोणाला हुज्जत घालता येत नाही. आता याच गाडीच्या चालकाच्या तपासणीचा कागद पाहू.

(दृश्य : टेबलावर नमुना १-अ. कॅमेरा रकान्यांवरून सरकतो.)

हा नमुना १-अ. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८ नुसार परिवहन वाहन चालवण्यासाठी अर्ज करणाऱ्याला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते राज्य शासनाने नेमलेल्या किंवा प्राधिकृत केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यावे लागते. खासगी मोटार किंवा दुचाकी चालवणाऱ्यांना नूतनीकरणासाठी हे प्रमाणपत्र लागते ते वयाची ४० वर्षे पूर्ण झाल्यावर. ट्रक, बस, टँकर, टॅक्सी चालवणाऱ्यांना वय कितीही असले तरी लागते. परिवहन लायसन्सची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षे केली. ज्वलनशील रसायने वा घातक माल वाहणाऱ्यांसाठी एका वर्षाची मुदत तीन वर्षांवर नेली. चालकाचे आरटीओतले हेलपाटे त्यामुळे कमी झाले, आणि त्याचे आम्हाला समाधान आहे. पण कचेरीतली फेरी आणि डॉक्टरांकडची फेरी एकाच दोरीला बांधलेली असल्याने दुसरी फेरीही तितकीच लांबली, आणि ही गोष्ट आम्हाला मान्य नाही.

प्रमाणपत्रावर डॉक्टर लिहून देतात की अर्जदाराला मी स्वतः तपासले आहे आणि त्याची दूरची नजर, ऐकण्याची क्षमता, हात, पाय आणि त्यांचे सांधे यांकडे मी विशेष लक्ष दिले आहे. हे वाक्य चांगले आहे. नजरेबद्दल मोजमाप दिले आहे तेही साधे आहे : चांगल्या उजेडात, दिवसा, २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. चष्मा लावून वाचली तरी चालते.

(दृश्य : ट्रक टर्मिनलवरचे नेत्रतपासणी शिबिर. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. खुर्चीवर चालक.)

खोली लहान असल्याने तक्ता चालकाच्या पाठीमागे, डोक्याच्या वर टांगला आहे आणि समोर तीन मीटरवर आरसा लावला आहे. आरशातून पाहिले की अंतर सहा मीटर भरते. सोलापूर-मुंबई फेऱ्या करणाऱ्या या चालकाने डावा डोळा तळहाताने झाकला आहे. तिसरी ओळ तो सरळ वाचतो, चौथ्या ओळीला मान किंचित वळते आणि बोटांमध्ये बारीक फट पडते. डॉक्टर जवळ येतात आणि म्हणतात, "मामा, हात नको, हे घ्या," आणि त्याच्या हातात काळे पुठ्ठ्याचे झाकण देतात. आता चौथी ओळ थांबते. यात लबाडी शोधू नये. ज्याच्या घरची चूल स्टिअरिंगवर पेटते, त्याला हा तक्ता परीक्षेसारखा वाटतो आणि नापास होण्याची भीती त्याच्या बोटांत उतरते. त्याला लागला तो फक्त चष्म्याचा नंबर, आणि चष्मा लावल्यावर पुढच्या दोन ओळी त्याने न अडखळता वाचल्या.

(दृश्य : जुनी चित्रे. अक्षरांचा तक्ता, लोकरीच्या लड्या, ठिपक्यांची पुस्तिका.)

हा तक्ता १८६२ साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हेर्मान स्नेलेन या नेत्रवैद्याने तयार केला. निरोगी डोळ्याला जे अक्षर बारा मीटरवरून ओळखू येते ते एखाद्याला सहा मीटरवरूनच दिसत असेल, तर त्याची नजर ६/१२; डॉक्टरांच्या कागदावर दिसणारा अपूर्णांक तो हाच. रंगांच्या परीक्षेची सुरुवात रेल्वेपासून झाली. स्वीडनमध्ये १८७५ साली लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. तिच्यामागे सिग्नलचा रंग न ओळखणे असावे, असा निष्कर्ष उप्सालाचे शरीरशास्त्रज्ञ फ्रित्योफ होल्मग्रेन यांनी काढला आणि रेल्वे कर्मचाऱ्यांपुढे रंगीत लोकरीच्या लड्या ठेवून त्यांची तपासणी सुरू केली. एका छटेची लडी दाखवायची आणि तिच्याशी जुळणाऱ्या लड्या ढिगातून निवडायला सांगायच्या, एवढीच ती पद्धत होती. नाव विचारायचे नाही, कारण रंगांची नावे पाठ असू शकतात. शिबिरात जी ठिपक्यांची पुस्तिका वापरतात, ती जपानचे शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळणाऱ्याला पूर्वी लायसन्स सरसकट नाकारले जाई. जून २०२० च्या दुरुस्तीनंतर सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना ते मिळू लागले आणि बंदी तीव्र दोषापुरती राहिली. पूर्ण शहानिशा करून नियम सैल करता येतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ज्या नियमाला अजून पुरेशी धार नाही, त्याला याच रीतीने धारही लावता येईल.

(दृश्य : रात्र. बसच्या केबिनमधून समोरच्या हेडलाइटचा झगमगाट.)

अर्जात अट दिवसाच्या चांगल्या उजेडाची आहे, तर लांब पल्ल्याची मालवाहतूक आणि आराम बस चालतात रात्री. मोतीबिंदू पिकू लागला की डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि समोरचा प्रकाश पडद्यावर एकवटण्याऐवजी विखुरतो. असा माणूस दुपारी नंबरप्लेट वाचतो आणि रात्री समोरच्या दिव्यांच्या लोटात रस्त्याची कड हरवून बसतो. रातांधळेपणाचा प्रश्न नमुना १ मध्ये, म्हणजे चालकाने स्वतः भरायच्या स्वयंघोषणापत्रात आहे. अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे, चक्कर, हेही तेथेच विचारले आहे आणि त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहून द्यायचे आहे. ‘होय’ लिहिले की रोजी जाते, अशी समजूत असलेल्या माणसाकडून कायद्याने किती प्रामाणिकपणाची अपेक्षा धरावी, हा विचार नियम करणाऱ्यांनी केला पाहिजे.

(दृश्य : शिबिरातील दुसरे टेबल. दंडाला रक्तदाबाचा पट्टा. बोटातून रक्ताचा थेंब.)

या टेबलावर जे चालले आहे, त्यासाठी नमुना १-अ मध्ये रकाना नाही. दंडाभोवती पट्टा आवळला जातो, परिचारिका आकडा लिहून घेते. बोटाच्या टोकाला सुई टोचून पट्टीवर थेंब घेतला जातो आणि काही सेकंदांत साखर कळते. केबिनमध्ये दिवसभर बैठक, अवेळी आणि तेलकट जेवण, अपुरी झोप, जवळ बाळगलेली तंबाखूची पुडी. रक्तदाब आणि मधुमेह या माणसाला गाठणारच. त्यातही मधुमेहाच्या उपचाराची एक बाजू चालकाला माहीत असायला हवी. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेतल्यावर जेवण लांबले, तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात आणि विचार गोंधळतात. माल पोचवण्याची वेळ सांभाळताना जेवण लांबणे तर रोजचेच. हे डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितले आणि केबिनमध्ये ग्लुकोजची पुडी ठेवायला लावली, तर तेवढ्यानेही पुष्कळ काम होते. घोरणे आणि झोपेत श्वास अडणे या विकाराचीही तपासणी व्हायला हवी, कारण त्यात रात्रभर झोपूनही माणूस दिवसा पेंगतो.

अमेरिकेत व्यावसायिक चालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २४ महिने चालते, तपासणीत रक्तदाब नोंदला जातो, लघवीतली साखर पाहिली जाते, आणि २१ मे २०१४ पासून हे प्रमाणपत्र राष्ट्रीय सूचीत नाव असलेल्या परीक्षकाकडूनच घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये ट्रक आणि बस चालकांना ४५ व्या वर्षापासून दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर दरवर्षी वैद्यकीय अहवाल द्यावा लागतो.

(दृश्य : घाटातील अपघातस्थळ. क्रेन. रस्त्यावर विखुरलेला भाजीपाला. येथे निवेदन एका वाक्यापुरते, पुढे केवळ दृश्य.)

२०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली.

(दृश्य : ट्रक टर्मिनल. मालकांच्या कचेऱ्या, भिंतीवर फेऱ्यांचा फळा.)

प्रकृती ठीक नसताना गाडी चालवली तर कलम १८६ खाली पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा तसेच केल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १६ नुसार आजार वा अपंगत्वामुळे चालक अयोग्य ठरतो असे वाटले, तर परवाना अधिकारी लायसन्स रद्द करू शकतो किंवा नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. त्याविरुद्ध अपील करण्याची तरतूद पुढच्याच कलमात आहे. म्हणजे आजारी चालकाला थांबवायला कायद्यात जागा आहे. थांबलेल्या चालकाचा त्या दिवसाचा भत्ता कोण देणार, चष्म्याचे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे कोण भरणार, याला मात्र जागा नाही. फळ्यावर फेरी लिहिणाऱ्या मालकाने टायर बदलण्याचा खर्च धंद्याचा म्हणून धरलेला असतो. तपासणीचा खर्चही त्याच वहीत लिहिला गेला पाहिजे, हे आम्ही ठामपणे म्हणतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा सामान्यतः घातली होती. अशा मर्यादेचे पालन झाले, तर शिबिरातल्या दुसऱ्या टेबलावरचे अर्धे काम आपोआप हलके होईल.

(दृश्य : तोच चालक, नवा चष्मा. नमुना १-अ वर सही आणि शिक्का.)

लायसन्सचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येते आणि मुदत संपल्यावरही एक वर्ष वाट मोकळी असते. त्यानंतर मात्र चाचणी पुन्हा द्यावी लागते, आणि मुदत संपलेल्या लायसन्सवर मधल्या काळात गाडी चालवता येत नाही. म्हणून वैद्यकीय तपासणी मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात उरकण्यापेक्षा वर्षभर आधी करून घ्यावी. चष्मा लागला तर त्याची सवय व्हायला, साखर निघाली तर ती आटोक्यात यायला आणि मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावायला तेवढा वेळ पुरतो, आणि नमुना १-अ वर सही होते तेव्हा चालक खरोखरच २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचत असतो.