मावशीला पुस्तक का मिळालं नाही

मंडळी, विषय देशाबाहेर पुस्तकं पाठवण्याचा आहे, पण बडोद्यात बोलतोय तर बोर्डनसाहेबांना सोडून पुढे जाता येत नाही. आपले सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेत गेले, तिथल्या लायब्रऱ्या बघितल्या आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या तिथल्या ग्रंथपालाला बोलावूनच घेतलं. ते तीन वर्षं राहिले, इथल्या माणसांना लायब्ररीचं काम शिकवलं, आणि मग गावोगाव पेट्यांमधून पुस्तकं जायला लागली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत त्या काचेच्या जमिनीवर लहानपणी कोण कोण घाबरलंय? हात वर करा बघू. बघा, निम्मा हॉल! म्हणजे बाहेरून घेतलेल्या गोष्टीवर आपण मोठे झालो, आता द्यायची पाळी आपली, एवढंच मला सांगायचंय.

आता मावशीचं ऐका. माझी मावशी न्यू जर्सीला मुलाकडे असते, वय ८४, डोळ्यांचा पडदा गेला, वाचता येत नाही. आयुष्यभर दुपारी जेवण झालं की पुस्तक घेऊन आडवं व्हायची सवय, ती सुटली आणि बाई गप्पच झाली. २०२१ मध्ये मी एका संस्थेत गेलो, त्यांच्याकडे अंधांसाठी रेकॉर्ड केलेली मराठी पुस्तकं कपाटभर आहेत. म्हटलं तिच्यासाठी द्या. तर म्हणे परदेशात पाठवता येत नाही, कॉपीराइट. मी चार वेळा गेलो, अर्ज दिला, सर्टिफिकेट दिलं, शेवटी साहेब म्हणाले काका, आम्हाला भानगड नको. अहो भानगड कसली, कायदाच आपल्या बाजूने आहे! मावशी फोनवर विचारायची, आलं का रे? आणि मी विषय बदलायचो, ते अजून टोचतं.

वेळ संपत आलाय, खूण करतायत, तर मुद्दा पटकन सांगतो. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला देशादेशांत करार झाला, दृष्टिहीन किंवा ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, हातात धरता येत नाही, त्यांच्यासाठी केलेल्या ब्रेल, ऑडिओ प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येतात. २०१४ मध्ये त्यावर सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत! ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला, अमेरिका २०१९ मध्ये आली. तिकडच्या लायब्ररीने मागायचं, इकडच्या अधिकृत संस्थेने पाठवायचं, थेट त्या वाचकालाही देता येतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात तर २०१२ सालीच अशा प्रती करायची सोय झालीय, प्रत्येक वेळी प्रकाशकाकडे जावं लागत नाही.

पण कपाटात काय आहे याची यादीच कुठे नसेल तर तिकडची लायब्ररी मागणार काय? सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररी आहे, आपल्या संस्थांनी आपली मराठी रेकॉर्डिंग तिथे नोंदवायला हवीत. यादी करायला मला चार जण पाहिजेत, कॉम्प्युटर येणारे, आणि वाचून रेकॉर्ड करायला स्वच्छ आवाजाचे दहा-बारा. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवलीय, जाताना नाव आणि नंबर लिहा.