कागदावरचा ठिपका

(दृश्य: तळघर. बॉयलरचं पुढचं झाकण उघडतं.)

घर गरम ठेवणाऱ्या तेलाच्या बॉयलरचं हे झाकण वर्षातून एकदा उघडतं. आत मखमलीसारखं काळं दिसतंय, ती काजळी. गेल्या हिवाळ्यात जे तेल अर्धवट जळलं, त्याचा हा हिशेब. पत्र्याच्या एका अंगाला ज्योत, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि मधे हा थर. काजळी ऊब अडवते. अडलेली ऊब धुराड्यातून वर निघून जाते, आणि घरातली माणसं थर्मोस्टॅट अजून दोन अंश वर करतात.

मिस्त्री ब्रश घालतात. एकेक फट, वरपासून खालपर्यंत. घाई नाही.

(दृश्य: तळहातावर नोझल, अगदी जवळून.)

हे नोझल, बर्नरमधे तेलाचा फवारा मारणारं तोंड. बोटाच्या पेराएवढं, पण सगळी मदार याच्यावर. अंगावर कोरलेलं वाचता येतंय: ०.७५ आणि ८० अंश. दर चौरस इंचाला १०० पौंड दाब दिला की यातून ताशी पाऊण गॅलन तेल जातं, म्हणजे जेमतेम २.८ लिटर. ८० अंश हा फवाऱ्याचा कोन. आतल्या बारीक तिरप्या खाचांतून तेल गरगरत येतं आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून धुक्यासारखं बाहेर पडतं. धुकं जितकं तलम, तितकं तेल पुरतं जळतं.

ज्यांनी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारलीय, त्यांचा हात इथंही शिवशिवतो. पण इथं पिन चालत नाही. भोकाच्या कडेला ओरखडा पडला की फवारा एकीकडे झुकतो, ज्योत भट्टीच्या भिंतीला चाटते, आणि काजळी पुन्हा धरायला लागते. म्हणून दरवर्षी नवं नोझल. तेलाचा फिल्टरही नवा. एवढ्याशा खर्चाला माणसं का कां-कू करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

(दृश्य: टाकीत सोडलेली काठी वर येते.)

काठीच्या टोकाला लेप लावलाय. तेलात त्याचा रंग तसाच राहतो, पाणी लागलं की बदलतो. हा बदललेला पट्टा बघा. तेलापेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं. तिथंच गंज धरतो, गाळ साठतो, आणि ऐन थंडीत तोच गाळ फिल्टरमधे येऊन बसतो. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर निथळतो. उन्हाळ्यात टाकी भरून ठेवा म्हणतात, ते याचसाठी.

(दृश्य: बर्नर सुरू होतो. काचेमागे ज्योत.)

ज्योत छान पिवळी दिसतेय. पण डोळ्यांवर विसंबून हवा जुळवायची नसते. मिस्त्री धुराड्याच्या नळीत हातपंपाची नळी घालतात. पंपात पांढऱ्या कागदाची पट्टी. दहा वेळा दांडा ओढायचा, सावकाश.

(दृश्य: कागद बाहेर येतो. करडा ठिपका.)

हा ठिपका शून्य ते नऊच्या मोजपट्टीशी ताडून बघतात. शून्य म्हणजे कोरा, नऊ म्हणजे काळा. आत्ता दोन. हवेचं झाकण किंचित उघडलं. पुन्हा दहा. आता एक. पुन्हा. कागद कोरा.

पण इथंच थांबलं तर अर्धंच काम झालं. हवा सैल सोडली की धूर जातो खरा, पण ती जादाची हवा तापून फुकट बाहेर जाते. म्हणून लगेच दुसरं यंत्र, धुरातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं. हवा फाजील झाली की त्याची टक्केवारी उतरते. धूर नाही आणि हवाही फाजील नाही, अशी ती जागा सापडेपर्यंत मिस्त्री झाकणाचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहतात. पाऊण तास गेला. आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

बॉयलर जुना झाला, फेकून द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आधी एवढं करून बघा. जुन्या बर्नरच्या जागी ज्योत घट्ट धरून ठेवणारं तोंड असलेला बर्नर बसवता येतो. गरम पाण्याच्या उघड्या नळ्या गुंडाळता येतात. घराच्या फटी बुजवल्या आणि उष्णतेची गरज उतरली, तर बॉयलर सोसेल इतपत लहान नोझलही लावता येतं. ते मात्र मोजमाप करणाऱ्यानंच ठरवावं.

बर्नर बंद पडला तर तो पुन्हा चालू करायचं लाल बटण सारखं सारखं दाबू नका. दर दाबाला न जळलेलं तेल भट्टीत साठतं आणि पेटलं की भडका उडतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म घरात हवाच. आणि हो, एक लिटर तेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

(दृश्य: रेडिएटरवर टेकलेले म्हातारे हात. निवेदन नाही.)

(दृश्य: बॉयलरला दोऱ्यानं बांधलेलं कार्ड.)

कार्डावर आधीच्या तारखा आहेत, वेगवेगळ्या अक्षरांत. आजची ओळ मिस्त्री लिहितात. नोझल ०.७५, ८० अंश. कार्बन डायऑक्साइड साडेअकरा टक्के. धूर शून्य. कोऱ्या कागदाची ती पट्टी ते कार्डाच्या मागं टाचतात.