वैर आधी छापलं गेलं, दोस्ती नंतर

मंडळी, चार्ल्स झेवियर आणि मॅग्नेटो ही नावं घेतली की तुमच्यातल्या बहुतेकांना सिनेमा आठवणार, व्हीलचेअरवरचा टकला प्रोफेसर, डोक्यावर हेल्मेट घातलेला मॅग्नेटो, आणि दोघांच्या मधे बुद्धिबळाचा पट. ते चित्र चांगलंच आहे, पण मी आज कॉमिक्सबद्दल बोलणार आहे, कारण या मैत्रीची खरी गंमत छापील अंकांमधे आहे आणि ती ज्या क्रमाने छापली गेली त्या क्रमात आहे.

एक्स-मेन हे या दोघांची गोष्ट सांगणारं अमेरिकन कॉमिक, त्यातली माणसं म्युटंट, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेली. झेवियर लोकांच्या मनात शिरतो, मॅग्नेटो धातू हवा तसा वाकवतो. त्याचा पहिला अंक आला १९६३ साली. लिहिणारे स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बीची. त्यात मॅग्नेटो आहे, पण कसा, तर निव्वळ व्हिलन. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रांच्या तळावर कब्जा करतो, झेवियरच्या शाळेतली पोरं, म्हणजेच एक्स-मेन, येऊन त्याला पळवून लावतात, संपला अंक. हा कुठून आला, याचं घरदार काय, याला एवढा राग कसला, एक अक्षर नाही. पुढच्याच वर्षी त्याची स्वतःची टोळी तयार होते, म्हणजे दोन नेते, दोन पक्ष, मारामारी चालू. दोस्तीचा मागमूससुद्धा नाही. ती यायला १९८२ साल उजाडावं लागलं, म्हणजे एकोणीस वर्षं हे दोघं नुसते वैरी होते आणि मग एका लेखकाने मागे जाऊन सांगितलं की अहो, हे एकेकाळी मित्र होते.

तो लेखक म्हणजे क्रिस क्लेरमाँट. एक्स-मेन जवळजवळ बंद पडलं होतं, १९७० नंतर काही वर्षं जुन्याच गोष्टी परत छापत होते, १९७५ मधे नवी टीम आली आणि लगेच क्लेरमाँटने लिखाण हातात घेतलं ते पुढे सलग सोळा वर्षं. हा माणूस तरुणपणी इस्रायलमधे किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीवर, राहून आलेला, तिथे नाझींच्या छळछावणीतून वाचलेली माणसं असायची, आणि मला वाटतं मॅग्नेटोचं बीज तिथेच पडलं असणार.

१९८१ चा दीडशेवा अंक घ्या. मॅग्नेटो सगळ्या देशांना धमकी देतो, शस्त्रं खाली ठेवा, रशियाची एक पाणबुडी त्याच्यावर क्षेपणास्त्रं सोडते आणि तो ती माणसांसकट बुडवतो. इथपर्यंत नेहमीचंच. मग किटी प्राइड, एक्स-मेनमधली जेमतेम तेरा-चौदा वर्षांची पोर, त्याचं मशीन बिघडवायला जाते आणि रागाच्या भरात तो तिच्यावर वार करतो. ती पडते. तो जवळ जातो, तिला उचलून घेतो आणि त्याला कळतं की हे लहान मूल आहे, आपण एका म्युटंट मुलीला मारलं, ज्यांच्यासाठी हे सगळं करतोय त्यांच्यातल्याच एकीला. तिथे तो ऑश्विट्झच्या छळछावणीबद्दल बोलतो, आपल्या घरच्यांना कसं नेलं ते सांगतो. किटी वाचते, पण मॅग्नेटो परत पहिल्यासारखा होत नाही. त्या पानावर त्याचा चेहरा बघा, अठरा वर्षं छापला जाणारा व्हिलन तिथे पहिल्यांदा माणूस झालाय.

आता १९८२, अंक एकशे एकसष्ट. हा मला फोर्टात फाउंटनच्या फूटपाथवर मिळाला होता, कव्हर गेलेलं, पानं पिवळी पडलेली, आणि मी तो उभ्या उभ्या वाचून काढला. महायुद्ध संपून काही वर्षं झालीत, इस्रायलमधे हैफाला एक हॉस्पिटल आहे, छावण्यांमधून वाचलेल्या लोकांसाठी. तरुण चार्ल्स तिथे येतो, स्वतःच्या पायांवर चालत, कारण पाय अजून शाबूत आहेत. गॅब्रिएल हॅलर नावाची एक मुलगी आहे, छावणीत जे भोगलं त्याने पार गोठून गेलेली, बोलत नाही, हलत नाही. चार्ल्स तिच्या मनात शिरतो आणि तिला परत आणतो. त्याच हॉस्पिटलमधे एक माणूस रुग्णांची सेवा करतोय, नाव मॅग्नस. दोघांचं सूत जुळतं आणि वाद सुरू होतात, एक म्हणतो माणसं शेवटी समजून घेतील, दुसरा म्हणतो मी माणसं बघितलीत. गंमत म्हणजे दोघंही म्युटंट, पण बोलतायत असं की जणू ही कल्पनेतलीच गोष्ट, समजा उद्या वेगळ्या शक्तीची माणसं जन्माला आली तर जग त्यांचं काय करेल. मग गॅब्रिएलला एक नाझी सरदार आणि त्याचे उरलेसुरले लोक पळवतात, कारण लपवलेल्या सोन्याचा पत्ता तिच्या डोक्यात पेरलेला असतो, आणि तिला सोडवताना दोघांचीही शक्ती उघडी पडते. ज्या क्षणाला त्यांना कळतं की आपण एकाच जातकुळीचे, त्याच क्षणाला मैत्री तुटते! मॅग्नस ते सोनं घेऊन निघून जातो, आपल्या लोकांना परत कोणी मुकाट्याने मरायला नेणार नाही एवढ्यासाठी. चार्ल्स बघत राहतो.

मला हे फार लागतं. परक्यांमधे होतं ते भांडण, आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात ती घरातच होते, बांध एकच असतो म्हणून होते. या दोघांनाही म्युटंट वाचवायचेत, त्यात कुठे फरक नाही, फरक एवढाच की एकाने छावणी आतून बघितलीये आणि दुसऱ्याने ती लोकांच्या मनात शिरून बघितलीये. आणि आधी एकोणीस वर्षं वैर वाचलेल्या वाचकाला हे कळतं तेव्हा मागचे सगळे अंक एका रात्रीत बदलतात, प्रत्येक मारामारीत आता हैफा दिसायला लागतं.

१९८५ चा दोनशेवा अंक तर माझ्या मते या गोष्टीचा कळस. पॅरिसमधे मॅग्नेटोवर खटला चालू आहे आणि त्याची वकील कोण, तर गॅब्रिएल हॅलर. तीच मुलगी! कोर्टावर हल्ला करणारी जुळी भावंडं कोण, तर हैफाच्या गोष्टीतल्या त्याच नाझी सरदाराची मुलं. निकाल लागतच नाही. झेवियरची तब्येत आधीच ढासळलेली असते, तो मरायला टेकतो, पुढे वाचतो म्हणा, पण जाताना आपली शाळा, आपली पोरं कोणाच्या हवाली करतो, तर मॅग्नेटोच्या. ज्याच्याशी उभा जन्म भांडला त्याच्या. आणि तो हो म्हणतो आणि खरंच शाळा चालवतो, त्या पोरांपैकी एक जीवानिशी जातो तेव्हा आतून तुटतो.

पुढे गाडी परत घसरली. १९९१ मधे नव्या मालिकेचा पहिला अंक आला, ऐंशी लाखांच्या वर प्रती छापल्या, त्यात मॅग्नेटो पुन्हा समोर उभा, आणि तीन अंक लिहून क्लेरमाँट निघून गेला. त्यानंतर त्याच मालिकेचा १९९३ चा पंचविसावा अंक. मॅग्नेटो एक्स-मेनपैकी वुल्वरिनच्या हाडांवरचा धातू त्याच्या अंगातून ओढून काढतो, सगळ्यांना तेवढंच आठवतं, कारण ते पान आहेच भयंकर. पण माझ्या दृष्टीने खरी भयंकर गोष्ट त्याच्या पुढच्या पानांवर आहे. ते बघून चार्ल्स, जो आयुष्यभर शांतीची भाषा बोलला, तो मित्राच्या डोक्यात शिरतो आणि मन पुसून टाकतो. मॅग्नेटो श्वास घेतोय पण आत कोणी नाही. हैफात ज्या शक्तीने त्याने गोठलेल्या गॅब्रिएलला परत आणलं, त्याच शक्तीने त्याने मॅग्नसला गोठवलं. लोक मॅग्नेटोला व्हिलन म्हणतात, मला वाटतं या मैत्रीतला सगळ्यात मोठा गुन्हा चार्ल्सचा आहे. आणि लेखकांनाही तो तसाच सोडावासा वाटला नाही, १९९६ मधे त्यांनी दाखवलं की त्या दिवशी मॅग्नेटोचा राग चार्ल्सच्या मनात शिरला आणि तिथेच वाढून एक राक्षस झाला. कोणाच्या मनात शिरायचं म्हणजे त्याचं थोडं आपल्यात येणारच ना.

मला विचाराल की एवढं होऊनही हे संपलं का, तर नाही. २००१ मधे जेनोशा नावाच्या बेटावर एक कोटी साठ लाख म्युटंट मारले जातात, मधल्या काळात शुद्धीवर आलेल्या मॅग्नेटोचं राष्ट्र होतं ते. क्लेरमाँट तोवर परत आला होता आणि २००४ साली त्याने काय लिहिलं, तर त्याच बेटावरचा ढिगारा, पडक्या इमारती, आणि चार्ल्स तिथे एक शवपेटी घेऊन येतो. सगळ्या जगाला वाटतंय मॅग्नेटो मेला, हा त्याला त्याच्या मातीत पुरायला आलाय, एकटाच. आणि त्या ढिगाऱ्यात मॅग्नेटो जिवंत समोर येतो. मग दोघं म्हातारे तिथेच राहतात, वाचलेल्यांना गोळा करत, आणि हैफातला वाद पुन्हा जिथे थांबला होता तिथून सुरू करतात.