खांद्यापासून बोटांपर्यंत

(फोंड्यातील एका वाचनालयात दिलेले व्याख्यान, संपादित)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मज्जातंतूंसाठी जनुकोपचार’. त्याकडे येतोच, पण आधी एका हाताविषयी बोलू द्या.

माझा मावसभाऊ पायलट होता. फोंड्यात पायलट म्हणजे मोटारसायकलवरून भाडं मारणारा, हे इथे सांगायला नको, पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल सगळ्यांनी पाहिलीय. पावसात बोरीच्या उतारावर गाडी घसरली. डोकं एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला, असा हिसका बसला. कॉलरबोन मोडलं, ते जुळलं. उजवा हात मात्र लोंबतच राहिला. जिथे दाखवला तिथे म्हणाले, ‘सूज उतरली की येईल.’ मावशी रोज तिन्हीसांजेला खोबरेल कोमट करायची, एकेक बोट चोळायची. सोडलं की बोट तसंच पडून. हा बसताना डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचा, बाजाराची पिशवी ठेवावी तसा. आठ महिने. मग मुंबईच्या सर्जनने विचारलं, ‘इतके दिवस कुठे होता?’

त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो, कारण तो मावशीला विचारला गेला. ‘सूज उतरेल’ म्हणणाऱ्याला कुणीच विचारला नाही.

हाताकडे जाणारे सगळे तंतू मानेतून निघणाऱ्या पाच मुळांतून येतात. त्या हिसक्यात इजा झाली ती तिथे. तंतू तुटला की पुढचा भाग मरतो. हे ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या मज्जांवर, म्हणजे अशा तंतूंच्या जुड्यांवर, दाखवलं. मागचं टोक मात्र पालवतं, आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. मानेपासून बोटांपर्यंत सत्तरएक सेंटीमीटर. करा हिशोब, दोन वर्षं! आणि तंतूविना पडलेला स्नायू वर्ष-दीड वर्षातच आटतो, मग तंतू पोचूनही उपयोग नाही. आठ महिने म्हणजे चोवीस सेंटीमीटर. वेळेवर मज्जा जोडली असती, तर तेवढ्यात तंतू दंडात उतरला असता.

पुढे बरगड्यांमधली मज्जा आणून दंडाच्या स्नायूला जोडली. वर्षाने पहिल्यांदा हात हलला तो खोकताना: छाती हलली आणि कोपर आपोआप वाकलं! मावशी हातातली ताटली टाकून धावली. बोटं मात्र आली नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं. तर जनुकोपचार.

जीडीएनएफ नावाचं एक प्रथिन १९९३ मध्ये सापडलं. त्यामुळे स्नायू हलवणाऱ्या पेशी तगतात, तंतू जोमाने वाढतात. त्याचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूत घालून मज्जेत सोडलं की प्रथिन तिथेच तयार होतं. पण उंदरांत झालं काय, तंतू त्या जागेपर्यंत आले आणि तिथेच गुंडाळून बसले. जत्रेत खाज्याच्या दुकानापाशी पोर अडून बसतं ना, तसं. पुढे स्नायूकडे जाईनात. म्हणजे जनुक सुरू करणं पुरेसं नाही, ते बंदही करता आलं पाहिजे. नेदरलँड्स आणि लंडनच्या संशोधकांनी त्याला बटण बसवलं: डॉक्सिसायक्लिन दिलं की चालू, थांबवलं की बंद. आपल्याकडे लेप्टोला देतात तीच गोळी. शरीर हे बटण परकं समजून ते असलेल्या पेशी मारून टाकतं, म्हणून ते ओळखू येणार नाही अशी सोयही केली. २०१९ च्या कामात महिनाभर जनुक चालवून बंद केलं, आणि तंतू लांबवर गेले.

माणसात हे अजून यायचं आहे. आलं तरी ते आठ महिन्यांनी द्यायचं औषध नसेल, उंदरांतही ते मूळ परत जोडतानाच घातलं होतं. तुमच्या घरात अपघातानंतर कुणाचा हात असा लोंबत असेल, तर तेल ठेवा बाजूला आणि मज्जातंतूंचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला याच आठवड्यात दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर मला विचारा. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशीच उभा आहे.