मांस बंद करण्यापूर्वी

कुत्र्याच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं दिसलं, सोनोग्राफीत यकृताबद्दल दोन ओळी आल्या, की बहुतेक घरांत त्याच दिवशी कुत्र्याला मांस आणि अंडी देणं बंद होतं. मऊ भात, उकडलेली भाजी, संपलं. हे करणारी माणसं निष्काळजी नसतात, कुत्र्यावर जीव टाकणारी असतात. पण महिन्या-दीड महिन्याने तेच कुत्रं तपासायला येतं तेव्हा डोळ्यांच्या वर, कपाळाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले असतात. पाठीवरून हात फिरवला तर एकेक मणका बोटाला लागतो. आज मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या एका सवयीबद्दल.

ही सवय आली कुठून, ते आधी पाहू. १८७७ साली निकोलाय एक (Eck) या रशियन डॉक्टरने कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर त्याने थेट शरीराच्या मुख्य शिरेला जोडली, म्हणजे आतड्यांतलं रक्त यकृतात न जाता परस्पर पुढे जायला लागलं. १८९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच कुत्र्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मांस खाल्लं की ही कुत्री बेचैन व्हायची, तोल जायचा, झटके यायचे, काही बेशुद्ध पडायची. मांस बाधतं, असं त्यांनी नोंदवलं आणि ते अगदी बरोबर होतं. फक्त ते कोणत्या कुत्र्यांबद्दल होतं, हा भाग पुढे विसरला गेला.

प्रथिनं पचताना, विशेषतः मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे, अमोनिया तयार होतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. रक्त यकृताला वळसा घालून गेलं तर अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. यॉर्कशायर टेरिअर किंवा माल्टीजसारख्या जातींत असा वळसा जन्मतःच असू शकतो, त्याला पोर्टोसिस्टिमिक शंट म्हणतात. जुनाट आजारात यकृत आक्रसून घट्ट झालं, तर रक्त असे आडमार्ग नंतरही काढतं. अशा कुत्र्यात मेंदूची लक्षणं दिसतात, अनेकदा जेवणानंतर काही वेळाने: भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, गोल गोल फिरत राहणं, घरातल्या माणसाकडे अनोळख्यासारखं पाहणं, कधी फिट येणं. इथे प्रथिनांचा हिशेब ठेवावाच लागतो. पण लक्षात घ्या, हिशेब ठेवायचा आहे, प्रथिनं बंद करायची नाहीत. लाल मांस कमी करून त्या जागी अंडी, दुधाची किंवा सोयाची प्रथिनं दिली तर कुत्र्याला ती जास्त मानवतात. जोडीला लॅक्ट्युलोज नावाचं औषध असतं. ते मोठ्या आतड्यात आम्लता वाढवून अमोनिया तिथेच अडकवतं आणि पोटही साफ ठेवतं. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शी होईल इतपत त्याचं प्रमाण बेतायचं. अशा कुत्र्याला बद्धकोष्ठ झालेलं मुळीच चालत नाही.

आता उरलेली कुत्री. यकृताला जुनाट सूज आहे, पण मेंदूची लक्षणं नाहीत, अशी कितीतरी असतात. यांची प्रथिनं तोडायला कारणच नाही. यकृताला नव्या पेशी बनवायच्या असतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बनवायचं असतं, रक्त गोठवणारे घटक बनवायचे असतात. अल्ब्युमिन फार उतरलं की पोटात पाणी साठण्याला, म्हणजे जलोदराला, हातभार लागतो. आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. अमोनिया निपटण्याचं काम एकटं यकृत करत नाही, स्नायूही करतात. ते अमोनियाचं ग्लुटामाइन करतात. स्नायू झिजवले म्हणजे ही दुसरी सोय आपण आपल्या हाताने मोडली. शंट असलेल्या कुत्र्यालासुद्धा दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २ ग्रॅम प्रथिनांच्या खाली आणू नये असं मानतात. १० किलोच्या कुत्र्याला २० ग्रॅम, म्हणजे तीन मोठ्या अंड्यांहून थोडी जास्त. भात-भाजीच्या वाडग्यात एवढी प्रथिनं येतात का, ते घरी जाऊन मोजा.

यकृताच्या आजारासाठी मिळणारं तयार अन्न चांगलं असतं, पण त्यातली प्रथिनं बहुधा मेंदूची लक्षणं असलेल्या कुत्र्याचा विचार करून कमी ठेवलेली असतात. तुमच्या कुत्र्याला ती लक्षणं नसतील तर वरून अंड्याचा पांढरा भाग वगैरे किती घालायचा, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. त्या अन्नाचा खरा फायदा दुसरीकडे आहे: त्यात तांबं कमी आणि झिंक जास्त असतं.

तांब्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. बेडलिंग्टन टेरिअरमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे यकृतात तांबं साठत जातं. लॅब्रॅडॉर, डाल्मेशियन, डॉबरमन, वेस्ट हायलंड व्हाइट टेरिअर यांच्यातही हा त्रास आढळतो. तो रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत कळत नाही, यकृताचा तुकडा काढून त्यातलं तांबं मोजावं लागतं. आणि नेमक्या याच कुत्र्यांना लोक प्रेमाने कलेजी खाऊ घालतात, यकृताला यकृत चांगलं म्हणून! तांबं सगळ्यात जास्त कुठे असेल तर तिथेच. कलेजी, वाळवलेल्या कलेजीचा खाऊ, शिंपल्यातले जीव, सुकामेवा, अळिंबी हे सगळं बंद. झिंकच्या गोळ्या आतड्यात तांबं शोषू देत नाहीत, पण त्या मनाने सुरू करू नका.

मिठाचं थोडक्यात सांगतो: जलोदर असेल तर खारट खाऊ आणि चीज नको. स्निग्ध पदार्थ मात्र उगाच तोडू नका, त्यांतून ताकद मिळते. स्वादुपिंडाला सूज असेल तर गोष्ट वेगळी.

दिवसभराचं अन्न चार ते सहा वेळांत वाटून द्या आणि शेवटचं झोपण्याआधी. आजारी यकृत साखर साठवून ठेवू शकत नाही. रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायू तोडून गरज भागवतं. अन्न किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि कुत्रं तोंड लावतं. नवं अन्न सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवा. खात नसेल तर जबडा उघडून कोंबू नका. मळमळत असताना कोंबलेल्या अन्नाची त्याला कायमची शिसारी बसते. आधी मळमळीचं औषध, आणि तरीही जमलं नाही तर नळीने भरवणं. नळीला घाबरू नका.

वजनकाट्यावर विसंबू नका. पोटात पाणी भरत असेल तर स्नायू झिजूनही आकडा तोच राहतो. म्हणून दर आठवड्याला कपाळाच्या बाजू आणि पाठीचा कणा चाचपा, पोटाचा घेर फितीने मोजा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो.

आणि शी काळी, डांबरासारखी दिसली तर तिला अपचन समजू नका. आत कुठेतरी रक्तस्राव होत असतो आणि ते रक्तही प्रथिनच असतं. तेही पचतं आणि त्याचाही अमोनिया होतो. काळी शी, रक्ताची उलटी, अचानक आलेलं भांबावलेपण किंवा फिट, यांपैकी काहीही दिसलं तर जेवणात काय बदलायचं हा विचार करत बसू नका, रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा.