खाडे पुढे, पाहुणे मागे

नमस्कार मंडळी. चहा झाला असेल, नसेल झाला तर कप हातात घेऊनच ऐका. आज बोलायचंय पगाराबद्दल, म्हणजे आपल्याला मिळतो त्याबद्दल नाही, आपण देतो त्याबद्दल. ज्यांच्या घरी भांड्याला, धुण्याला, केर-फरशीला बाई येते ते सगळे मालकच की. आता स्वतःला मालक म्हणवून घ्यायला आपल्याला कसंतरीच होतं, म्हणून आपण म्हणतो 'आमच्या बाई अगदी घरच्यासारख्या', आणि एकदा घरच्यासारख्या म्हटलं की पगारवाढ मागायला त्या बाईचं तोंडच उघडत नाही.

माझी एक मावशी होती. बंगला, दारात फियाट, काकांचा भोसरीला छोटा कारखाना, पंचवीस-तीस माणसं कामाला. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय, जसा तुमच्याकडे असतो तसाच, दूध किती, गॅस कधी लावला आणि बाईचे खाडे. खाड्याला लाल पेनाची फुली. हे सांगतोय ते साधारण 1987-88 चं, भांडी-धुणं-फरशी सगळं मिळून महिन्याला 90 रुपये, म्हणजे एका खाड्याला तीन रुपये, हा हिशेब मावशीचा तोंडपाठ.

तर त्या महिन्यात गणपती होते. बाईच्या मुलाला ताप आला म्हणून तीन खाडे. एक तारखेला मावशीनं कॅलेंडर दाखवलं, या बघा तीन फुल्या, नऊ रुपये कापले, हे घ्या एक्याऐंशी. बाई काही बोलली नाही. हात पदराला पुसले, पुढे झाली आणि खिळ्यावरचं कॅलेंडर उलटं केलं.

मागे पेन्सिलीच्या खुणा! ओळीनं रेघा आणि गोळे. बाईला लिहिता येत नव्हतं, पण रेघ ओढता येत होती. ती म्हणाली, "वहिनी, ही रेघ म्हणजे पाव्हणे जेवाया होते तो दिस, आन् गोळा म्हणजे मुक्कामाला होते, त्यांची धुणीबी होती." रेघा सात आणि गोळे चार. गौरीजेवणाच्या दिवशीचा गोळा तर केवढा मोठा काढलेला, कारण त्या दिवशी पितळेची पातेली निघाली होती आणि ती चिंचेनं घासायची म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. म्हणजे वर्षभर एकाच कॅलेंडरवर दोन हिशेब चालले होते बघा, पुढे मावशीचा, मागे बाईचा. खाडे पुढे, पाहुणे मागे.

मी तेव्हा कॉलेजात, टेबलाशी पोहे खात होतो. मावशी लाल झालेली, आणि काका पेपरातून डोकं काढून मोठ्यानं हसले, म्हणाले, "अगं हा तर ओव्हरटाइम! कायद्यानं डबल द्यावा लागतो." मावशी फणकारली, "मग तुमच्या कारखान्यात देता का?" काका परत पेपरात. कारण कारखान्यात कार्ड पंच व्हायचं तरी ओव्हरटाइमवरून दर महिन्याला भांडण असायचंच, ते मला मावशीनंच सांगितलेलं. घरात एक मालक आणि कारखान्यात एक, आणि दोघांना एकमेकांचे नियम अगदी पाठ!

शेवटी काय झालं, मावशीनं नऊ रुपये परत दिले. पाहुण्यांचे मात्र दिले नाहीत. "पाहुणे काय रोज येतात का?" म्हणाली.

आता जरा मागे जाऊ. नारायण मेघाजी लोखंडे, मुंबईत एका गिरणीत स्टोअरकीपर होते, पुढे 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र चालवलं. 1884 साली त्यांनी 5500 गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय, तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. परत सांगतो, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि हीसुद्धा मागणी, म्हणजे आधी कधी मिळत असेल विचार करा. मालक म्हणायचे कामगारांसाठी असले कायदे म्हणजे इंग्लंडातल्या मँचेस्टरवाल्या गिरणीमालकांचा डाव, आमचा धंदा बुडवायला. त्यात तथ्य नव्हतं असं नाही, तिकडचे, लँकेशायरचे गिरणीवाले खरंच इथल्या गिरण्यांच्या मागे लागले होते, पण त्यानं इथल्या बाईमाणसाचं अंग दुखायचं थांबत नव्हतं ना. 1890 च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगार जमले, दोन बायकांनी भाषणं केली, आणि 10 जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. म्हणजे गिरणीला रविवार मिळाला 1890 साली, आपल्या मोरीला अजून मिळायचाय.

मोरी म्हणालो खरा, पण मोऱ्या आता राहिल्यात कुठे, सगळीकडे मॉड्युलर किचन आणि एवढंसं सिंक, त्यात कढई घातली तर नळ आदळतो. आणि ते नॉनस्टिक! त्याला घासायची पण भीती, जरा ओरखडा पडला की बाईचा उद्धार. असो.

सांगायचं म्हणजे पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता, संघटनाही झाली. 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. नोंदणी करा, मदत मिळवा, चांगलंच आहे, तुमच्या बाईंची नोंदणी झालीय का विचारा एकदा. पण मंडळ कल्याणाचं, पगार किती आणि सुट्ट्या किती ते अजून आपल्या ओट्यापाशीच ठरतं. हल्ली सोसायटीच्या ग्रुपवरही ठरतं, कोणी शंभर रुपये जास्त दिले की लगेच मेसेज, 'प्लीज रेट बिघडवू नका'. हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या कंपनीत इन्क्रिमेंट आठ टक्के झालं तर तो महिनाभर तोंड पाडून बसतो, मी बघितलंय.

हां, मावशीचं राहिलं. पुढच्या महिन्यात तिच्याकडे गेलो तर कालनिर्णय भिंतीला चारी कोपऱ्यांत चिकटपट्टीनं चिकटवलेलं. मी म्हटलं, मावशी, आता महिना संपल्यावर पान कसं उलटणार? तर म्हणाली, बघू तेव्हाचं तेव्हा. आणि भांडी घासता घासता बाई हसत होती, कारण फ्रीजच्या बाजूला, खाली, अगदी मोरीच्या उंचीवर, पेन्सिलीच्या दोन रेघा मला दिसल्या. मावशीला नव्हत्या दिसल्या. मी पण काही बोललो नाही.